टिळकांच्या होमरूल लीगचा अध्यक्ष एक ख्रिश्चन कामगार नेता होता : काका बॅप्टिस्टांची गोष्ट

१७ सप्टेंबर उजाडला की नांदेड आणि लातूरमध्ये सकाळीच झेंडावंदन होतं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाची राजवट संपली. मोबाईलवर स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांचे फोटो फिरतात, स्टेटस लागतात आणि रात्रीपर्यंत सगळं शांत होतं.

दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, आणखी एका माणसाची पुण्यतिथी असते. त्याचं स्टेटस सहसा कुणी ठेवत नाही.

त्याचं नाव जोसेफ बॅप्टिस्टा. मुंबईचे लोक त्यांना काका म्हणायचे. धर्माने कॅथलिक ख्रिश्चन, पेशाने बॅरिस्टर, राजकारणात लोकमान्य टिळकांच्या अगदी जवळचे. टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा अध्यक्षपद स्वतःकडे न घेता ते या माणसाकडे दिलं. देशातली पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली तेव्हाही हा माणूस पुढच्या रांगेत होता.

ख्रिश्चन म्हणजे इंग्रजांच्या बाजूचा, असं त्या काळी सर्रास मानलं जायचं. आजही अधूनमधून कुणीतरी तसं लिहितंच. काकांचं आयुष्य या समजुतीला उत्तर देतं. शिवाय त्यांनी एक प्रश्न फार लवकर विचारला होता. देश स्वतंत्र झाला, पण गिरणीत राबणाऱ्याच्या हातात काहीच आलं नाही, तर त्या स्वराज्याचा अर्थ काय?

माझगावचा मराठी ख्रिश्चन

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीतला. वडील जॉन बॅप्टिस्टा मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. हे कुटुंब ईस्ट इंडियन समाजाचं.

ईस्ट इंडियन म्हणजे कोण? वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवरचे हे मूळ रहिवासी. शेती करणारे, मासेमारी करणारे, मीठ पिकवणारे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि यातले बरेच लोक कॅथलिक झाले. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. लग्नातली गाणी, हळद, स्वयंपाक, सगळं कोकण किनाऱ्याचं.

मग ईस्ट इंडियन हे नाव कुठून आलं? त्याची गोष्ट पोटाशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्यातून बरेच ख्रिश्चन नोकरीसाठी मुंबईला आले. सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत स्पर्धा वाढली. मुंबईच्या मूळ ख्रिश्चनांनाही लोक पोर्तुगीजच म्हणायचे. आपण वेगळे आहोत, आपले पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीचे जुने प्रजाजन आहेत, हे ठसवण्यासाठी या समाजाने हे नाव घेतलं. वर्ष होतं १८८७, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली ते वर्ष.

थोडक्यात, समाजाच्या नावातच सरकारशी असलेली निष्ठा होती आणि त्या निष्ठेवर अनेक घरांच्या चुली पेटत होत्या. अशा घरातल्या शिकलेल्या मुलाने सरकारविरुद्ध उभं राहायचं तर डावावर फक्त स्वतःची नोकरी लागत नव्हती, अख्ख्या समाजाची गणितं बिघडत होती. काकांच्या निर्णयाचं वजन कळायला ही बाजू माहीत असावी लागते.

आयर्लंडकडून मिळालेला धडा

शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत सुरू झालं. पुढे पुण्यात अभियांत्रिकी, काही काळ सरकारी वनखात्यात नोकरी आणि मग थेट इंग्लंड. केंब्रिजच्या फिट्झविल्यममध्ये त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि बॅरिस्टर होऊन ते भारतात परतले.

तो काळ आयर्लंडच्या प्रश्नाने तापलेला होता. आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक, राज्य करणारे इंग्रज प्रोटेस्टंट. आपला कारभार आपण करू, एवढी आयरिश लोकांची मागणी होती. त्यालाच होमरूल म्हणायचे. १८८६ आणि १८९३ अशी दोनदा होमरूलची विधेयकं ब्रिटिश संसदेत आली आणि दोन्ही वेळा पडली. तरी आयरिश लोक मागे हटले नाहीत.

या लढ्याचा काकांवर खोल परिणाम झाला. एक म्हणजे राजा ख्रिश्चन आणि प्रजाही ख्रिश्चन असली तरी गुलामी ही गुलामीच असते, हे आयर्लंडकडे बघून दिसत होतं. दुसरं म्हणजे कॅथलिक राहून इंग्रज सत्तेशी लढता येतं, त्यासाठी धर्म सोडावा लागत नाही, हेही दिसत होतं.

कायद्याच्या चौकटीत राहून, गावोगाव सभा घेऊन, संघटना बांधून स्वराज्य मागायचं, ही आयरिश पद्धत भारतातही चालेल असं त्यांना वाटू लागलं. टिळकांनाही आयर्लंडचं मोठं आकर्षण होतं. दोघांची मैत्री इथून घट्ट होत गेली आणि टिळकांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

चित्पावन ब्राह्मण आणि कॅथलिक बॅरिस्टर

टिळक गीतेवर भाष्य लिहिणारे आणि काका रविवारी चर्चला जाणारे. मात्र, सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईत रुजवण्याच्या कामात काकांनी टिळकांना साथ दिली. लोकांनी एकत्र जमायला जागा हवी, एवढी गोष्ट त्यांना पुरेशी होती.

१९०१ पासून काका मुंबई महापालिकेत होते आणि पुढची सुमारे सतरा वर्षं तिथे राहिले. गटार, पाणी, चाळी, भाडं यातलं शहराचं दुखणं त्यांना जवळून कळत होतं.

१९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. टिळकांनी कोर्टात स्वतःची बाजू स्वतःच मांडली, पण त्यामागच्या कायदेशीर तयारीत काकांचा हात होता. २२ जुलैला निकाल लागला. सहा वर्षं काळं पाणी, रवानगी मंडालेला.

आणि मग मुंबईत जे घडलं ते देशाने आधी पाहिलं नव्हतं. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. टिळकांच्या शिक्षेच्या एका वर्षामागे एक दिवस, असा सहा दिवसांचा संप झाला. लष्कर बोलावलं गेलं, गोळीबार झाला, माणसं मेली. दिवसाला बारा-चौदा तास राबणारा, वाचता न येणारा कामगारही राजकारणाचा भाग आहे, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं. काकांच्या पुढच्या आयुष्यात राजकारण आणि कामगार या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्याच नाहीत.

१९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांवर मुंबईत खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावाच्या वकिलांमध्येही काका होते. सशस्त्र क्रांती हा काही त्यांचा मार्ग नव्हता. पण आरोपीला वकील मिळाला पाहिजे, यावर त्यांची तडजोड नव्हती.

बेळगावची सभा आणि निजामाची हद्द

टिळक १९१४ मध्ये मंडालेहून सुटले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. ॲनी बेझंट यांची वेगळी होमरूल लीग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाली, म्हणजे काकांची लीग आधीची. एका वर्षातच तिचे सुमारे १४ हजार सभासद झाले.

स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणणारी टिळकांची ती प्रसिद्ध घोषणा सगळ्यांना पाठ आहे. तिची मूळ शब्दरचना काकांची, असं त्यांच्यावर लिहिणारे अनेक जण मानतात. पण घोषणेच्या श्रेयापेक्षा त्यांचं संघटनेचं काम जास्त महत्त्वाचं आहे. १९१७ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या लेबर पार्टीच्या, म्हणजे मजूर पक्षाच्या नेत्यांना भारताची बाजू समजावत फिरले. इंग्लंडचा कामगार आणि भारताचं स्वातंत्र्य यांची सांगड घालायची, असा हा प्रयत्न होता.

आता या लीगचा नकाशा बघितला तर मराठवाड्याच्या वाचकाला एक गोष्ट खटकेल. टिळकांच्या लीगच्या कामाचा प्रदेश होता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. यातला महाराष्ट्र म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातला. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते.

माल मात्र हद्द ओलांडत होता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली होती. बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. नांदेडचा गावरानी कापूस नावाजलेला होता, लातूरची बाजारपेठ वाढत होती. कापसाच्या गाठी रेल्वेने मुंबईच्या बाजाराकडे निघत. कापूस मुंबईला पोहोचत होता, मुंबईचं राजकारण मात्र निजामाच्या हद्दीवर अडत होतं. सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. म्हणजे बाजार मोकळा होता आणि माणूस बांधलेला.

मराठवाड्यातल्या ख्रिश्चनांची वाटही यामुळे वेगळी झाली. जालन्याजवळ नारायण शेषाद्री या ख्रिश्चन झालेल्या ब्राह्मण धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं गाव वसवलं होतं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली. मांग समाजातली कुटुंबं तिथे राहायला आली, विहिरी झाल्या, शाळा झाली. गावकुसाबाहेरच्या माणसाला हक्काचं घर आणि काम मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. पण सगळं उभं होतं मिशनच्या मदतीवर आणि दरबाराच्या मर्जीवर. काकांनी दुसरी वाट धरली. माणसाला मदत मिळावीच, पण मागण्याचा हक्क आणि त्यासाठी संघटना त्याच्या स्वतःच्या हातात असावी, ही ती वाट.

मालक, मजूर आणि भागीदारी

पहिल्या महायुद्धात गिरणीमालकांनी भरपूर नफा कमावला. महागाई भडकली आणि पगार मात्र मागे राहिले. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत एक लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले. पण अशा संपांच्या मागे कायमची संघटना नसायची. संप झाला की मागण्या मान्य, नाहीतर उपासमार, आणि मग पुन्हा सगळं विखुरलेलं.

काकांनी पोस्टमनांपासून गिरणी कामगारांपर्यंत अनेकांच्या बाजूने काम केलं. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय, तर स्वागत समितीची धुरा काकांकडे.

त्या दिवशी काकांनी मांडलेला विचार त्यांच्या सगळ्या आयुष्याचं सार सांगतो. मालक आणि मजूर म्हणजे श्रम विकत घेणारा आणि श्रम विकणारा, हे नातंच त्यांना मान्य नव्हतं. दोघे एकाच कामातले भागीदार आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मजुरी ही बाजारात भाव ठरणारी वस्तू नाही, कारण तिच्यामागे जिवंत माणूस आहे.

हा विचार कॅथलिक माणसाला परका नव्हता. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी रेरुम नोवारुम नावाचं एक पत्रक काढलं होतं. कारखान्यांच्या युगात मजुरांचे जे हाल चालले होते त्यावर चर्चने घेतलेली ती पहिली मोठी भूमिका. त्यात चार गोष्टी होत्या. खासगी मालमत्ता असू द्या. पण मजुराचं कुटुंब नीट जगेल इतकी मजुरी द्या. मजुरांना संघटना करू द्या. आणि वर्गावर वर्ग उठवणारा समाजवाद नको.

काकांची मांडणी याच्याशी बरीच जुळते. भांडवलदाराला मोकळं रान नको आणि मालकांना संपवणारी क्रांतीही नको. मधला रस्ता म्हणजे संघटना, करार, लवाद आणि कायदा. पण एका बाबतीत ते पुढे गेले. परक्या सरकारच्या राज्यात मजुराला न्याय देणारा कायदा होणार कसा, म्हणून स्वराज्य हवंच, हा धागा त्यांनी सोडला नाही.

१९२१ च्या अखेरीस आयटकचं दुसरं अधिवेशन झरियाला भरलं. कोळसा खाणींचा भाग, खाणमालकांना हे अधिवेशन नकोच होतं. अध्यक्ष होते काका. हजारो खाण कामगार जमले आणि मजुरीच्या मागण्यांच्या जोडीला तिथे स्वराज्याचाही ठराव झाला.

कायद्याने काय बदललं?

त्या काळी युनियन काढणं किती धोक्याचं होतं, हे मद्रासच्या एका प्रकरणावरून कळतं. तिथल्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या कामगारांची संघटना बी. पी. वाडिया यांनी बांधली, तर कंपनीने त्यांनाच कोर्टात खेचलं आणि कोर्टाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम काढला. कामगारांना एकत्र आणणं म्हणजे मालकाचं नुकसान करणं, असा अर्थ लावता येत होता.

आयटक आणि देशभरच्या संघटनांच्या रेट्यानंतर गोष्टी हळूहळू हलल्या.

१९२२ च्या कारखाना कायद्याने कामाचा आठवडा जास्तीत जास्त ६० तासांचा केला. त्याआधी कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तास राबवणं कायदेशीर होतं.

१९२४ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून काका गेले.

१९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. नोंदणी केलेल्या संघटनेला कायद्याचं संरक्षण मिळालं. आज नांदेडच्या एमआयडीसीत किंवा लातूरच्या साखर कारखान्यात युनियनचा बोर्ड दिसतो, त्याची पाळंमुळं या कायद्यात आहेत.

१९२५ मध्ये काका मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. याच पदाला पुढे महापौर म्हटलं जाऊ लागलं. बहुसंख्य सभासद हिंदू, पारशी, मुसलमान. त्यांनी एका ख्रिश्चन कामगार नेत्याला शहराच्या पहिल्या खुर्चीत बसवलं.

काका मागे का पडले?

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि काकांचं राजकारण एकटं पडलं. गांधीजींच्या असहकाराबद्दल टिळकांच्या अनेक अनुयायांना शंका होती, तशी ती काकांनाही होती. कौन्सिलात जाऊन लढायचं की बाहेर राहून, यावरून काँग्रेस दुभंगत होती. लाट गांधीजींची होती आणि काका त्या लाटेवर नव्हते.

कामगार चळवळही बदलली. १९२८ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. नेतृत्व होतं डांगे, मिरजकर अशा कम्युनिस्टांच्या लाल बावट्याचं. त्यांचा काकांच्या विचारावरचा आक्षेप सरळ होता. एकाच्या हातात गिरणी आणि दुसऱ्याच्या हातात फक्त घाम, तर भागीदारी कसली? महिनोनमहिने उपाशी राहून लढणाऱ्या कामगाराला हा प्रश्न पटत होता आणि काकांच्या विचाराकडे त्याचं सोपं उत्तर नव्हतं. मालकाने भागीदारी मानलीच नाही तर काय, इथे तो विचार अडखळायचा. १९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आयटकमध्येच फूट पडली.

१८ सप्टेंबर १९३० रोजी काकांचं निधन झालं. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आलं. माझगावच्या टेकडीवरची बाग आज त्यांच्या नावाने आहे. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांतल्या किती जणांना हे काका कोण ते माहीत असतं, हा प्रश्नच आहे.

पण धागा तुटला नाही

आयटकच्या स्थापनेत काकांच्या सोबत ना. म. जोशी होते. या जोशींचा सहायक म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एका तरुणाने दिल्लीत काम केलं. नाव व्यंकटेश खेडगीकर. कामगारांचे प्रश्न त्याने तिथे जवळून पाहिले. पुढे तो मराठवाड्यात आला, शाळेत शिकवू लागला आणि १९३२ मध्ये त्याने संन्यास घेतला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. त्यांनीच निजामाविरुद्धचा लढा उभा केला आणि नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

एक कॅथलिक बॅरिस्टर, एक हिंदू संन्यासी. दोघांची भेट झाली की नाही हा मुद्दा नाही. दोघांनीही कामगारांचं जग पाहिलं होतं, दोघांनीही आपला धर्म सोडला नाही आणि दोघांनीही तो सत्तेच्या दारात बांधून ठेवला नाही. काकांच्या समाजाला सरकारी नोकऱ्यांची भीती दाखवता येत होती, मराठवाड्याच्या माणसाला रझाकारांची. घाबरायला कारणं दोन्हीकडे खरी होती.

नांदेडमध्ये निजामाच्या काळात उस्मानशाही मिल उभी राहिली आणि पुढच्या कित्येक पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या. आता तो भोंगा वाजत नाही. गिरण्या गेल्या, कंत्राटी कामगार आले, मोबाईलच्या ॲपवर ऑर्डर पोहोचवणारी पोरं आली. त्यांना तर कागदोपत्री कामगार नव्हे, भागीदारच म्हटलं जातं. फक्त शंभर वर्षांपूर्वी काकांनी हा शब्द वापरला तेव्हा त्यात मजुराचा हक्क आणि त्याची संघटना गृहीत होती. आज त्यातला शब्द तेवढा उरला आहे.

येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनाचं स्टेटस लावाल, तेव्हा दुसऱ्या दिवसासाठी माझगावच्या काकांचाही एक फोटो शोधून ठेवायला हरकत नाही.